बोंबील, टोस्ट आणि नाशिकची थंड बाटली

मुंबईहून निघालेला एबी रोड, म्हणजे जुना आग्रा-बॉम्बे रस्ता, कसारा घाट चढतो, नाशिकला द्राक्षमळ्यांच्या कडेनं पुढे सरकतो, मालेगाव-धुळे-शिरपूर करत सेंधव्याचा घाट चढतो, खलघाटला नर्मदा ओलांडतो आणि मानपूर, राऊ करत आमच्या इंदुरात शिरतो. जवळपास 600 किलोमीटर. आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी जे ताट बसतं, त्यातलं निम्मं सामान या एका रस्त्यानं येतं. मासा मुंबईच्या टोकाला चढतो, वाइन नाशिकला. त्यात इंदूरचं स्वतःचं काय, तर पाव, लिंबू आणि खाणारी माणसं.

इथे राहून मासे खाणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, समुद्र जवळच आहे असं धरून चालायची. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाखाली आलेलं पापलेट घ्यायचं, हळद-मीठ-लिंबू लावून तळायचं, आणि जेवताना कुणी "आम्ही मालवणला खाल्लं होतं ना, ते..." असं सुरू केलं की मुकाट्यानं पुढचा घास घ्यायचा. दुसरी वाट समुद्र लांब आहे हे मान्य करून त्याप्रमाणे स्वयंपाक करायची. मी दुसऱ्या वाटेनं जाणारी. माशाला प्रवास सोसावा म्हणून माणसांनी ज्या ज्या युक्त्या केल्या, वाळवलं, खारवलं, लोण्यात बुडवलं, गोठवलं, त्या सगळ्या टोस्टवर उत्तम बसतात. आणि त्यांच्याबरोबर आंबटसर, थंडगार पांढरी वाइन जशी लागते, तशी ती ताज्या पापलेटाबरोबरही लागत नाही. हे माझं मत. घरात त्यावर दोन तट आहेत, त्यातल्या दुसऱ्या तटाचे पुढारी आमचे भाऊजी. त्यांच्याकडे नंतर येऊ.

आम्ही सीकेपी. घराणं होळकरांच्या चाकरीत इकडे आलं, पण जीभ कुलाबा जिल्ह्यातच राहिली. अजूनही मे महिना संपत आला की अलिबागचे मामा सोड्यांची, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीची, पुडी पाठवतात. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, म्हणून तिकडे आधीच आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात; त्या आगोटीतला एक वाटा आमचा. पूर्वी तो अवंतिका एक्स्प्रेसनं यायचा, कुणातरी भाच्याच्या बॅगेत, तीन पिशव्यांच्या आत गुंडाळून. तरीही सकाळी इंदूर स्टेशनवर डब्यातली मंडळी त्या भाच्यापासून चार हात लांब उभी असायची. सोड्यांची खिचडी, वांगं-बटाटा-सोडे, एवढ्यात आजीचं काम भागायचं. टोस्ट माझ्या पिढीत आला आणि वाइन त्याच्याही नंतर.

वासाचं म्हणाल तर त्यामागे साधं रसायन आहे. समुद्रातल्या माशाच्या अंगात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड असतं. खाऱ्या पाण्यात पेशींचा तोल सांभाळायला त्याला ते लागतं. त्याला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात, आणि मग आपल्या ओळखीचा तो वास सुटतो. या द्रव्याला आम्ल भेटलं की त्याचा क्षार होतो, तो हवेत उडत नाही आणि नाकापर्यंत पोचत नाही. लिंबू, कोकम, चिंच ही सगळी मंडळी माशाच्या कालवणात याचसाठी हजर असतात. आंबट वाइन हेच काम घोटाघोटाला करते. म्हणून बाटली निवडताना मी रंग, देश, किंमत यांच्या आधी एकच गोष्ट बघते: आंबट आहे ना?

टोस्टवर सुका मासा म्हटलं की इथले लोकही नाक मुरडतात, जे सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बारा वाजता कशावरही काहीही घालून खातात. त्यांना मी व्हेनिसची गोष्ट सांगते. चारी बाजूंनी पाण्यात उभं असलेलं शहर, मासे दारात. आणि तिथल्या छोट्या दारूगुत्त्यांत संध्याकाळी वाइनच्या लहानशा ग्लासाबरोबर पावाच्या तुकड्यावर काय देतात, तर नॉर्वेहून आलेला वाळका कॉड. 1431 साली पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा व्यापारी जहाज घेऊन निघाला, वादळात सापडला, आणि वाचलेली माणसं नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ रोस्ट या बेटावर लागली. तिथल्या कोळ्यांनी त्यांना सांभाळलं. परतताना तो हा मासा आणि त्याची हकिगत घेऊन आला. तिकडे कॉडच्या जोड्या शेपटीला शेपटी बांधून लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ नाही, फक्त थंड वारा. व्हेनिसवाले तो मासा भिजवतात, शिजवतात आणि मग तेलाची बारीक धार सोडत इतका घोटतात की त्याची पांढरी मलई होते.

आता आपल्या वसई-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर या. बोंबलाच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगलेल्या. टांगायची तऱ्हा तेवढी उलटी, बाकी सगळं तेच. व्हेनिसला जे चालतं ते इंदूरच्या राजेंद्रनगरला का चालू नये?

बोंबील कॉड नाही, हे मात्र आधीच सांगते. कॉडच्या मांसात चिकटपणा असतो, तो तेल धरून ठेवतो. ताजा बोंबील म्हणजे बहुतांश पाणीच. वाळला की हातात राहतो तो दोरा. त्याची मलई होत नाही, भरड होते, आणि ती भरडच मला आवडते. डोकं, शेपूट, पर कात्रीनं कापायचे. दोन पाण्यांतून धुवायचे, कारण किनाऱ्यावरची रेती दाताखाली आली की सगळी मेहनत गेली. पुसून कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजायचे, कडा तांबूस होईपर्यंत. मग गरम पाण्यात, बोटानं चेपला की दबेल इतपत. मधला काटा एका बाजूनं उचलला की अख्खा निघून येतो. खलबत्त्यात लसणाच्या दोन पाकळ्या आणि एक हिरवी मिरची, त्यावर बोंबील, मग उकडलेल्या बटाट्याची एक फोड. दक्षिण फ्रान्समध्ये कॉडच्या अशाच घोटीत कित्येक जण बटाटा घालतात, त्यामुळे ही लबाडी परंपरेतली आहे. तेल थेंब थेंब सोडत ठेचत राहायचं. मी ऑलिव्ह तेलानं करून पाहिलं, शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलानंही. शेंगदाणा जिंकतो. बोंबलाला त्याची ओळख आहे. शेवटी लिंबू, आणि मीठ चाखून, कारण बहुतेक वेळा लागतच नाही.

भाजण्याचा भाग खिडक्या उघड्या ठेवून करायचा की बंद, हा आमच्या मजल्यावरचा जुना प्रश्न. समोरच्या भाभीजी शाकाहारी. एकदा दारात येऊन अगदी काळजीनं विचारून गेल्या, "भाभी, कुछ जल तो नहीं रहा?" तेव्हापासून मी बोंबील दुपारी दोनला भाजते. त्या वेळी सगळ्यांच्या घरी कूलर धडधडत असतो आणि त्या झोपलेल्या असतात.

या भरडीबरोबर सॉव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी वाइन. या द्राक्षात जो हिरवा वास येतो, कापलेल्या गवताचा, ढोबळी मिरचीचा, तो पायराझिन जातीच्या द्रव्यांचा. ढोबळ्या मिरचीतही तीच असतात. त्यामुळे हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर यांच्यात ही वाइन परकी वाटत नाही. राजीव सामंत यांच्या सुलानं 2000 साली पहिल्या वाइन बाजारात आणल्या त्यातच नाशिकची सॉव्हिन्यों होती, शेनिन ब्लाँही होती. त्याआधी नाशिक म्हटलं की आम्हाला खायची द्राक्षं आठवायची, थॉम्पसन. पेटीतून यायची, वर्तमानपत्रात.

नाशिकच्या वाइनला आंबटपणा राहतो कसा, हे मी तिथल्या एका बागाईतदार नातेवाइकांकडून ऐकलं. आपल्याकडच्या वेलीला युरोपातल्यासारखी हिवाळ्याची झोप मिळत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटतात: उन्हाळ्यात खरड छाटणी, आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. पीक मात्र एकदाच, साधारण जानेवारी ते मार्च. फ्रान्समध्ये द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात, आपली थंडीच्या शेवटाला. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, त्या गारव्यात फळातलं आम्ल टिकतं. उशीर झाला, ऊन चढलं की साखर वाढते आणि आम्ल घसरतं. काका म्हणाले होते, "दारूचं द्राक्ष तोंडात टाकून गोड लागलं म्हणून खूश व्हायचं नाही. आंबट आहे का ते बघायचं." बाजारासाठी पिकवणाऱ्या माणसाला हे मनाला पटवणं किती जड गेलं असेल!

आता पाव. इथे लोक घाई करतात, आणि इथेच सगळं बिघडतं. टोस्टला ताजा पाव चालत नाही. एक दिवसाचा शिळा हवा. शिळेपणी पावातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, पाव भाजताना पिचत नाही, आणि वरच्या ओल्या जिनसाखाली लगेच मान टाकत नाही. आमच्याकडे हल्ली सावरडो, म्हणजे आंबट खमिराचा पाव, मिळतो, छान मिळतो, पण मी नेहमी तोच आणत नाही. त्याचा आंबटपणा आणि वाइनचा आंबटपणा कधीकधी एकमेकांवर ओरडतात. बेकरीचा न कापलेला साधा लोफ आणावा आणि घरी सुरीनं करंगळीएवढ्या जाडीचे काप करावेत. आयता कापलेला ब्रेड फार पातळ असतो. तो वाळून पापड होतो किंवा मऊ राहतो, मधली अवस्थाच नाही.

टोस्टरपेक्षा लोखंडी तवा. आधी मंद आचेवर, वर स्टीलची ताटली आणि ताटलीवर पाण्यानं भरलेला तांब्या, म्हणजे काप सपाट राहून पूर्ण पृष्ठभाग तव्याला टेकतो. अशानं आधी आतली ओल जाते. मग आच वाढवायची, तेव्हा रंग. पावातली साखर आणि प्रथिनं साधारण 140 अंशांच्या पुढे एकमेकांशी भराभर लागतात, त्यातून तो खमंगपणा येतो. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1912 साली ही प्रक्रिया मांडली. ओल असेपर्यंत पावाचं तापमान शंभराच्या वर जायला तयार नसतं, म्हणून आधी वाळवणं. रंग आला की एका बाजूला कच्ची लसूण घासायची. खरखरीत टोस्टवर ती किसणीवर झिजल्यागत झिजते आणि बोटांना दोन दिवस आठवण राहते. मग लोण्याचा पातळ थर, कडेपर्यंत. या लोण्याचं चवीइतकंच दुसरंही काम आहे. स्निग्ध थर ओल अडवतो. जुन्या मेजवान्यांमध्ये पावाच्या त्या चिमुकल्या तुकड्यांना लोणी लावून ठेवत ते यासाठीच. खाणारे येईपर्यंत पाव कुरकुरीत राहायला हवा.

सोड्यांचं लोणी हा माझा दुसरा टोस्ट, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा आवडता. त्याचं मूळ इंग्लंडच्या वायव्येला, मोरकॅम बे नावाच्या उथळ खाडीकाठी. तिथे तपकिरी रंगाची बारकी कोळंबी मिळते. ती उकडून, सोलून जायपत्री आणि लाल मिरचीच्या लोण्यात घालतात, लहान भांड्यात दाबून भरतात आणि वर वितळलेल्या लोण्याचा थर देऊन बंद करतात. हवा लागत नाही म्हणून टिकते. आपल्याकडे आधीच वाळवलेली कोळंबी आहे, म्हणजे टिकवण्याचं काम मामांच्या अंगणातल्या उन्हानं केलेलंच आहे. लोण्यानं फक्त तिला मऊपण द्यायचं.

सोडे कोमट पाण्यात भिजवावेत, फुगले की पिळून घ्यावेत. ते पाणी टाकू नये, रविवारच्या खिचडीत घालावं. सोडे खलबत्त्यात अर्धवट ठेचावेत, पीठ करू नये; दाताला काहीतरी लागलं पाहिजे. बिनमिठाचं लोणी अगदी मंद आचेवर वितळवून त्यात जायपत्रीची एक पाकळी, मिरपूड, चिमूटभर लाल तिखट आणि मग सोडे. उकळी येऊ द्यायची नाही. जायपत्री काढून टाकावी, सगळं वाटीत ओतावं, गार होऊन जमायला लागलं की वरून साजूक तुपाचा पापुद्रा. फ्रिजमधून काढून थंड लोणी सुरीनं खरवडून गरम टोस्टवर लावायचं. ते कडेनं वितळायला लागतं आणि मधे अजून घट्ट असतं, त्या अर्ध्या मिनिटात खायचं. बोलायचं नंतर.

याच्याबरोबर फसफसती वाइन, ब्रूट, म्हणजे जवळपास बिनगोडीची. लोण्याचा लेप जिभेवर बसतो, तो बुडबुडे आणि आम्ल मिळून खरवडून काढतात, आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. खारट खाण्याचा आणखी एक उपकार असा की मिठामुळे वाइन कमी आंबट आणि जास्त फळासारखी भासते. नुसती प्यायल्यावर तोंड आंबवणारी ब्रूट सोड्यांनंतर एकदम समजूतदार होते. हे कुणाला पटत नसेल तर आधी एक घोट, मग टोस्ट, मग पुन्हा घोट असं करून बघावं.

लोण्यातली कोळंबी नि टोस्ट हे इंग्रजी प्रकरण इंदूरला अगदीच नवखं नसावं असं मला वाटतं. यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेझियुस यांच्याकडून माणिकबाग बांधून घेतला, युरोपातल्या तेव्हाच्या सगळ्यात आधुनिक सामानानं सजवला. तिथे संध्याकाळी ताटलीत काय फिरत असेल याचा मी माणिकबागेवरून जाताना नेहमी विचार करते. हल्ली तिथे केंद्रीय उत्पादन शुल्क आणि जीएसटीची कचेरी आहे, त्यामुळे आत जाऊन विचारायची सोय नाही.

तळलेला कोळंबी टोस्ट सगळ्यांना आवडतो, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. हा कँटनी प्रकार, हाँगकाँगहून जगभरच्या चिनी हॉटेलांत गेला. कोळंबी बारीक चिरून, मीठ घालून एकाच दिशेनं फेटायची. मिठानं तिच्यातली प्रथिनं सुटून चिकट होतात आणि पावाला धरून राहतात. अंड्याचा पांढरा भाग, थोडं कॉर्नफ्लॉर, आलं. पावावर थापून वर तीळ, आणि कोळंबीची बाजू आधी तेलात. इंदूरच्या फ्रीझरमध्ये मिळणारी कोळंबी बहुतेक व्हॅनामी असते, म्हणजे मुळात प्रशांत महासागराच्या अमेरिकी किनाऱ्यावरची. भारतात तिच्या शेतीला 2009 साली परवानगी मिळाली आणि सगळ्यात जास्त ती आंध्रच्या तलावांत वाढते. चवीला ती जरा भोळी असते, म्हणून या टोस्टला चालते. वर चिमूटभर जीरावन भुरभुरायचं. पोह्यांवरचा आमचा मसाला कोळंबीवर टाकला म्हणून कुणी शहराबाहेर काढलेलं नाही अजून. वाइन? शेनिन ब्लाँ, जराशी गोडसर असलेली, कारण जीरावनातल्या मिरचीला मद्य भडकवतं आणि थोडी गोडी शांत करते.

उरलेल्या कोळंबीचा स्वीडिश टोस्ट करते कधीतरी. तोरे व्रेटमान या स्वीडिश हॉटेलवाल्यानं तो गेल्या शतकात लोकप्रिय केला, नाव दिलं स्कॅगन या डॅनिश बंदराचं. लोण्यात परतलेला पाव, त्यावर मेयोनेजमध्ये कालवलेली उकडलेली कोळंबी आणि भरपूर शेपू. लहानपणी शेपूच्या भाजीला बघून ताटावरून उठणारी माझी पोरं हा टोस्ट मागून घेतात. मी काही बोलत नाही.

कुणीतरी विचारतंच, नदीचा मासा का नाही? नळाला नर्मदा येते, मग मासा अलिबागहून का? कारण काटा. रोहू, कटला यांच्या मांसात बारीक, दुफाट्यांचे काटे विखुरलेले असतात. कालवणात ते बोटांनी सापडतात. टोस्टवर, गप्पा मारता मारता, एका हातात ग्लास असताना ते सापडत नाहीत, रुततात. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशाला कधीकधी जो मातकट वास असतो तो जिओस्मिनचा, पहिल्या पावसात मातीला येतो तोच. मातीला तो शोभतो.

इंदूरच्या मे महिन्यात पांढरी वाइन टेबलावर ठेवली की दहा मिनिटांत तिचा चहा होतो. दुकानातला पोरगा विचारतो, "आंटी, ठंडी वाली दूँ?" त्याच्या फ्रिजमधली बाटली घरी येईपर्यंत कोमट, तेव्हा उत्तर ठरलेलं: कुठलीही दे. घरी स्टीलची बादली, निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मूठभर जाडं मीठ. नुसत्या बर्फात बाटलीला चार ठिकाणी बर्फ टेकतो, मधे हवा. पाण्यात ती सगळीकडून गार होते, आणि मिठामुळे ते पाणी शून्याच्याही खाली जातं. गप्पांच्या पहिल्या फेरीपर्यंत बाटली तयार. पांढरी आठ-दहा अंशांना, फसफसती त्याहून थोडी गार. फार गार केली तर वास मरतो, पण इंदुरात फार गार राहण्याची भीती कुणी बाळगू नये.

माझी मावसबहीण बडोद्याला असते. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी, त्यामुळे ती हेच टोस्ट करते आणि कोकमाच्या आगळाचं पाणी थंड करून, सोडा घालून देते, साखर अगदी नावाला. मी तिच्याकडे तसं प्यायले आणि सोड्यांच्या लोण्यापुढे ते ब्रूटला फार मागे पडत नाही. आम्ल आहे, गारवा आहे, बुडबुडे आहेत. घरात पिणारं कुणी नसेल त्यांनी खुशाल हेच करावं. ताकाचा प्रयोग मात्र करू नये. केलेला आहे तिनं.

आता भाऊजी. त्यांच्या मते वाइन म्हणजे लाल. पांढरी त्यांना बायकांचं सरबत वाटते आणि हे ते बायकांसमोर म्हणतात. मी त्यांना जपानमधल्या मर्शिअन या वाइन कंपनीच्या संशोधकांचा 2009 सालचा अभ्यास सांगून बघितला. त्यांनी वेगवेगळ्या 69 वाइन घेतल्या, शिंपल्यातल्या स्कॅलपबरोबर चाखून तोंडात मागाहून मासळट वास किती राहतो हे नोंदवलं, आणि मग प्रत्येक वाइनमधलं लोह मोजलं. जिथे लोह जास्त, तिथे वास जास्त. वाइनमधलं लोह बांधून ठेवणारं द्रव्य मिसळलं की तो वास ओसरला. म्हणजे दोष लाल रंगाचा नाही. लोह कमी असलेली लाल वाइन माशाबरोबर जमूनही जाते. पण बाटलीवर लोहाचं प्रमाण कुणी छापत नाही आणि पांढऱ्यांमध्ये ही जोखीम कमी. सुक्या माशात तर सगळं आटून गडद झालेलं, तिथे हा खेळ आणखी चटकन कळतो.

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि लाल शिराझ उघडली.

त्यांच्यासाठी हल्ली मी कोंबडीच्या कलेजीचा टोस्ट वेगळा करते. कांदा लोण्यात लालसर, कलेजी आतून गुलाबीपणा जाईल इतपतच परतलेली, मिरपूड, आणि शिराझचाच एक घोट कढईत. तो खरोखरच शिराझबरोबर सुरेख लागतो, हे मी त्यांच्या तोंडावर कबूल केलेलं आहे. दोन तुकडे खाऊन ते समाधानानं मागे रेलतात. आणि मग हात बोंबलाच्या ताटलीकडे जातोच. बोंबलाचा घास, वर शिराझचा मोठा घोट, आणि तोंड कडूजहर.

"वहिनी, ही बाटली बिघडलीय बरं का."

"बिघडलेली नाही भाऊजी. लोह आहे त्यात."

"मग लोह चांगलंच की अंगाला."

"त्याला पालक आहे. सोमवारी डब्यात देते."

सॉव्हिन्योंचा ग्लास मी त्यांच्यासमोर सरकवते. ते नाही म्हणतात, आणि बोंबलाचा दुसरा तुकडा उचलतात.